केटीएम ३९० च्या इंजिनाचा गुरुत्वमध्य: प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२४

फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) यंदाच्या गाडीत पहिल्या पिढीच्या ३९० ड्यूकचं इंजिन बसवायचं ठरलं आहे. ३७३.२ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६० मिमी, एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, गिअरबॉक्स त्याच क्रँककेसमध्ये. नियमांप्रमाणे ७१० सीसीपर्यंतचं इंजिन चालतं आणि पेट्रोल असेल तर हवा २० मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधूनच (हवेची वाट अरुंद करणारं भोक) घ्यावी लागते. आमच्या पुण्याच्या टीमने हे इंजिन निवडण्यामागचं कारण साधं आहे: ते चाकणला तयार झालेलं, सुटे भाग गावात मिळतात आणि अपघातातल्या बाइकचं इंजिन परवडणाऱ्या किमतीत मिळून जातं. आमचंही तसंच आलं. क्रँककेसला ओरखडे आहेत, तडा कुठेच नाही.

आज चॅसिसवाल्यांची बैठक झाली. सस्पेन्शन बघणारीने सरळ विचारलं, "इंजिनाचा सीजी (गुरुत्वमध्य) कुठे धरायचा?" उत्तर म्हणून कॅडचं (संगणकावर काढलेलं) मॉडेल उघडलं. ते बाहेरून घेतलेलं नुसतं कवच आहे, आत क्रँक नाही, गिअर नाहीत. मागच्या बॅचने ते भरीव करून त्याला अ‍ॅल्युमिनिअमची सरासरी घनता दिली होती. त्या हिशेबाने गुरुत्वमध्य मागच्या माउंटिंगच्या भोकापासून (जिथून इंजिन चॅसिसला बोल्टने बसतं) ७७ मिमी वर येतो.

हा आकडा मला पटत नाही. हेड आणि सिलिंडर बाहेरून भरदार दिसतात, पण आत पाण्याच्या वाटा, पोर्ट आणि चेनची पोकळी आहे. सगळं पोलाद खाली बसलं आहे: क्रँक, बॅलन्सर शाफ्ट, गिअरचे दोन शाफ्ट, क्लच, आल्टरनेटरचा रोटर. भरीव कवच म्हणजे आकाराचा मध्य. आम्हाला वजनाचा मध्य हवा आहे, आणि तो काट्यावरच सापडेल.

मोजमापांचा शून्यबिंदू आजच पक्का केला, नंतर वाद नकोत. मागच्या माउंटिंगच्या भोकाचं केंद्र म्हणजे पुढे-मागे शून्य आणि वर-खाली शून्य. डावं-उजवं शून्य म्हणजे क्रँककेसचे दोन अर्धे भाग जुळतात तो जोड, कारण तो बाहेरून दिसतो आणि त्यावर पट्टी लावता येते. सगळे आकडे इंजिनाच्याच अक्षांत लिहायचे. गाडीत इंजिन बाइकपेक्षा पाच अंश पुढे झुकवलं तरी ते बदलणार नाहीत.

१६ जुलै

तेल आणि कूलंट काढून टाकलं. निघालेलं तेल डब्यासकट जपून ठेवलं आहे, त्याचं वजन पुढे लागेल. थ्रॉटल बॉडी आणि एक्झॉस्ट काढले. स्टार्टर मोटर आणि आल्टरनेटर तसेच ठेवले, कारण गाडीत ते इंजिनासोबतच जाणार आहेत.

काटे येईपर्यंत ओळंब्याने अंदाज घेतला. इंजिन चेन ब्लॉकला एका भोकातून टांगलं, हलायचं थांबू दिलं आणि त्याच बोल्टवरून ओळंबा सोडला. टांगलेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य टांगलेल्या बिंदूच्या बरोबर खाली येऊन थांबतो, म्हणून त्या रेषेवर तो कुठेतरी असणारच. दुसऱ्या भोकातून टांगून दुसरी रेषा घेतली. दोघी जिथे छेदतात तो बिंदू.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, टांगायची भोकं अशी निवडायची की दोन रेषा काटकोनाच्या जवळपास छेदतील. रेषा एकमेकींना चिकटून गेल्या तर छेदबिंदू नुसता अंदाजाचा राहतो. दोन, दोरा इंजिनापासून दीडएक वीत पुढे लोंबतो. त्याचा फोटो काढून रेषा मारली, तर कॅमेरा सहा मीटरवर असला तरी कडेच्या बाजूला चारपाच मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून वर्कशॉपच्या काकांनी फोटोचा नाद सोडायला लावला. "गुण्या लाव रे, गवंडी काय फोटो काढून भिंत बांधतो का?" म्हणाले. गुण्या दोऱ्याला टेकवून खुणा इंजिनावरच्या मास्किंग टेपवर घेतल्या.

अंदाज असा: भोकापासून १३१ ते १३२ मिमी पुढे, ५८ मिमी वर. कॅडच्या ७७ शी तुलना केली तर १९ मिमीचा फरक आहे. हा अंदाज दोनतीन मिलिमीटर इकडेतिकडे असेल, पण १९ नाही.

२० जुलै

तीन काट्यांची पद्धत पक्की केली. इंजिन एका चौकटीत घट्ट बांधायचं, चौकट तीन बिंदूंवर टेकवायची आणि प्रत्येक बिंदूखाली काटा ठेवायचा. तीनच का? चार पाय असले की टेबलासारखा एक पाय डुगडुगतो आणि वजन कुणावर किती पडलं याला अर्थ उरत नाही. तीन पाय नेहमी टेकतात.

भोसरीहून अँगल कापून आणले आणि चौकट काकांनी वेल्ड केली. तिचं वजन ११.८ किलो भरलं. पुढचा टेकू मधोमध, मागचे दोन टेकू जोडाच्या दोन्ही बाजूंना १५० मिमीवर. पुढच्या टेकूपासून मागच्या ओळीपर्यंत बरोबर ४०० मिमी. शून्यबिंदूचं भोक मागच्या ओळीच्या ६० मिमी पुढे आणि टेकूंच्या पातळीपेक्षा ११० मिमी वर येतं. ही मापं वेल्डिंगनंतर पुन्हा घेतली, कारण वेल्डिंगने चौकट ओढली जातेच.

टेकू म्हणून बोल्टची सपाट डोकी वापरली नाहीत, पोलादी गोळ्या बसवल्या. याचं कारण पुढे चौकट कलती करायची तेव्हा कळतं. सपाट डोकं कललं की त्याची एक कड टेकते आणि टेकण्याची जागा सरकते, किती ते मोजता येत नाही. गोळी मात्र कशीही फिरवली तरी सपाट काट्याची उभी प्रतिक्रिया तिच्या केंद्रातूनच जाते. म्हणून सगळी अंतरं गोळ्यांच्या केंद्रांपासून मोजायची, की कोन कितीही असो, भूमिती तीच राहते.

काटे ३० किलोचे, ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारे. तिन्ही एकमेकांशी जुळतात का हे बघायला रद्दीवाल्याकडून वजनमापे खात्याचा शिक्का असलेली लोखंडी वजनं तासाभरासाठी मागून आणली. एक काटा १० किलोला २० ग्रॅम कमी दाखवतो. त्याच्या अंगावर मार्करने दुरुस्ती लिहून ठेवली.

२१ जुलै

सपाट स्थितीतली मोजणी. आधी रिकाम्या चौकटीची तीन वजनं, मग इंजिन बांधून तीन, आणि वजाबाकी.

निव्वळ आकडे: पुढचा काटा १७.२९ किलो, मागचा डावा ९.०७, मागचा उजवा १०.०४. एकूण ३६.४० किलो. हे कोरडं इंजिन.

पुढे-मागे: १७.२९ × ४०० ÷ ३६.४० = १९०.० मिमी, मागच्या ओळीपासून. भोक ६० वर, म्हणजे भोकाच्या १३०.० मिमी पुढे.

डावं-उजवं: मागच्या दोन काट्यांत ०.९७ किलोचा फरक. गुणिले १५०, भागिले ३६.४० म्हणजे ४.० मिमी उजवीकडे. क्लच उजवीकडे आणि रोटर डावीकडे, दोन्ही जड. क्लचचं पारडं थोडं जड पडतं.

काट्याची १० ग्रॅमची चूक पुढे-मागे फक्त ०.१ मिमी होते. इंजिन सोडून, पुन्हा बांधून घेतलेल्या मोजण्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत आल्या. या दोन दिशांचं काम इथेच संपलं.

२७ जुलै

आता उंची. सपाट स्थितीत काट्यांना उंचीबद्दल काहीच कळत नाही. गुरुत्वमध्य भोकाच्या वर असो की जमिनीखाली, तिन्ही आकडे तेच येतील. चौकट कलती केली, पुढची बाजू उचलली, की वरचं वजन मागे झुकतं आणि पुढच्या काट्यावरचा भार घटतो. किती घटतो यावरून उंची निघते:

उंची = (भारातली घट × ४००) ÷ (एकूण वजन × कोनाचा टॅन)

इथे सगळा जीव कोनात आहे. मोबाइलच्या अ‍ॅपने कोन मोजला आणि अर्ध्या अंशाने चुकला, तर वीस अंशांच्या आसपास उंची साडेचार मिलिमीटरने चुकते. दहा अंशांवरच थांबलो असतो तर चूक आठच्या पुढे गेली असती. म्हणून कोन मोजलाच नाही, ठरवून दिला. पुढच्या काट्याखाली १५०.० मिमीचा ठोकळा ठेवला, व्हर्निअरने तपासलेला. गोळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर ४०० मिमी, म्हणजे कोनाचा साइन ०.३७५ आणि टॅन ०.४०४५. ठोकळा एक दशांश मिलिमीटरने चुकला तरी उंचीतली चूक तेवढ्याच मापाची राहते.

घर्षणाकडे लक्ष दिलं नाही तर मात्र सगळी मेहनत वाया जाते. चौकट कलती असताना पुढचा टेकू वर आणि मागचे खाली. काट्यांच्या रबरी पायांमुळे ते एकमेकांना आडवे ढकलत किंवा ओढत राहतात. ही आडवी ताकद काट्यावर दिसत नाही, पण १५० मिमीच्या उंचीफरकावर तिचा मोमेंट (फिरवणारा जोर) तयार होतो. आडवी ताकद फक्त एक किलोची असली तरी उंची ११ मिमीने चुकते! यावर उपाय म्हणून पुढच्या काट्यावर दोन ग्राइंड केलेल्या पट्ट्या ठेवल्या, त्यांच्यामध्ये सायकलच्या हबमधले छर्रे, आणि वरच्या पट्टीवर टेकू. बोटाने ढकललं की पट्टी सरकते. आकडा घेण्याआधी दरवेळी ती हलकेच डोलवून स्थिर होऊ दिली.

रिकामी चौकटही याच कोनात ठेवून तोलली आणि ती वजनं वजा केली. सपाट स्थितीतली वजाबाकी इथे चालत नाही, कारण चौकटीलाही स्वतःची उंची आहे.

निव्वळ पुढचा भार ११.०३ किलो. घट ६.२६ किलो. उंची = ६.२६ × ४०० ÷ (३६.४० × ०.४०४५) = १७०.१ मिमी, गोळ्यांच्या केंद्रांपासून. भोक ११० वर, म्हणजे भोकाच्या ६०.१ मिमी वर.

२८ जुलै

कालच्या आकड्याला स्वतंत्र साक्षीदार हवा होता. इंजिन कोरडं आहे तोवर ते कुशीवर झोपवता येतं, आणि कुशीवर झोपवलं की जी दिशा उभी होती ती आडवी होते. मग कोन नको, टॅन नको, ठोकळा नको. चौकटीच्या डाव्या अंगालाही गोळ्यांच्या जागा आधीच करून ठेवल्या होत्या. तीन काटे, तीन आकडे, रिकाम्या चौकटीची वजाबाकी, सरळ त्रैराशिक.

उंची १६९.२ मिमी. कलवून १७०.१, झोपवून १६९.२. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन पद्धती एका मिलिमीटरच्या आत भेटल्या याचं मनापासून समाधान वाटलं. झोपवलेल्या पद्धतीत चुकायला जागा कमी, म्हणून तिच्याकडे जरा झुकून १६९.५ धरला.

इंजिन आडवं होतंच, तेव्हा ज्युनिअरच्या मनातला प्रश्नही तपासून घेतला. पिस्टन वर असताना आणि खाली असताना गुरुत्वमध्य वेगळा नसेल का? ६० मिमीचा स्ट्रोक आहे. पिस्टन, पिन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा हिस्सा मिळून साधारण ४०० ग्रॅम धरले, तर वरून खाली येताना २४ किलो-मिलिमीटरचा फरक पडायला हवा. म्हणजे गुरुत्वमध्य साधारण ०.६६ मिलिमीटर हलेल आणि आमच्या काट्यावर ८० ग्रॅमच्या आसपास दिसेल. काटा ५ ग्रॅम दाखवतो, तेव्हा हे लपून राहणार नाही.

स्पार्क प्लग काढला, आल्टरनेटरच्या बाजूने पाना लावून क्रँक थोडी थोडी फिरवली आणि दर वेळी हात काढून आकडा वाचला. पूर्ण फेरीत काटा १० ग्रॅमच्या पलीकडे हलला नाही.

पिस्टन तर हलतोय, मग वजन गेलं कुठे? क्रँकवरचं काउंटरवेट पिस्टनच्या उलट जातं आणि साधारण अर्धा हिशेब चुकता करतं. उरलेला अर्धा बॅलन्सर शाफ्ट करतो. तो क्रँकच्या उलट दिशेने, क्रँकच्याच वेगाने फिरतो. पिस्टन वर जातो तेव्हा दोघांची वजनं खाली जातात. पिस्टन अध्यात असतो तेव्हा ती आडवी पसरतात, एक पुढे आणि एक मागे. सगळ्यांची बेरीज करा, गुरुत्वमध्य जागच्या जागी. रॉडच्या तिरकेपणामुळे उरतो तो मिलिमीटरच्या काही शतांशांचा थरथराट.

बॅलन्सर शाफ्टने इंजिन कमी थरथरतं हे पुस्तकात वाचलं होतं. पण थरथरणं म्हणजे केसच्या तुलनेत आतल्या भागांचा गुरुत्वमध्य हलणं, आणि तो हलत नाही हे भाजीवाल्याकडे असतो तशा काट्यावर, हाताने पाना फिरवून दिसतं, हे आज पहिल्यांदा पाहिलं. वर्गात ज्यांना प्रायमरी बॅलन्सिंगची गणितं कोरडी वाटतात त्यांना हा प्रयोग दाखवायला हवा. जुन्या ३४६ सीसीच्या बुलेटमध्ये बॅलन्सर शाफ्ट नाही. तिथे काउंटरवेट काय तोलेल तेवढंच, म्हणून त्या इंजिनावर हाच प्रयोग केला तर काटा नक्की हलेल. काकांकडे तशी एक बुलेट आहे, पण ती उघडायची परवानगी मिळणं अवघड आहे.

३ ऑगस्ट

तेल. काढून ठेवलेलं तेल १.४० किलो भरलं. भरलेल्या इंजिनाची उंची कलवून मोजायची नाही, हे ठरवून टाकलं. चौकट कलली की तेल मागे वाहतं आणि स्वतःचा मध्यही मागे नेतं. आमच्या २२ अंशांवर तेलाचा मध्य २५ मिमी सरकला असं धरलं तरी उंची अडीच मिलिमीटर जास्त दिसेल. जहाजाच्या टाकीत अर्धवट पाणी असलं की जहाज जास्त कलतं, त्याच जातीचा हा प्रकार.

म्हणून कोरड्या इंजिनात तेल हिशेबाने मिळवलं. क्लचचं झाकण काढून सरळ स्थितीत तेलाची पातळी पाहिली. तेलाचा मध्य गोळ्यांच्या केंद्रांपासून ५५ मिमीवर येतो. इंजिनातलं कूलंट ०.३० किलो, सिलिंडर आणि हेडच्या वाटांत, मध्य सुमारे ३३० मिमीवर.

(३६.४० × १६९.५ + १.४० × ५५ + ०.३० × ३३०) ÷ ३८.१० = १६६.६ मिमी.

म्हणजे भरलेलं इंजिन ३८.१ किलो, गुरुत्वमध्य भोकाच्या ५६.६ मिमी वर. पुढे-मागे आणि डावं-उजवं यांत फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतला आहे, तो भरलेलं इंजिन सपाट ठेवून तपासला.

४ ऑगस्ट

आज आकडे बैठकीत ठेवले. कॅडचे ७७, खरे ५९.५, दोन्ही कोरड्या इंजिनाचे. साडेसतरा मिलिमीटरचा फरक, ३६.४ किलोवर, म्हणजे ०.६४ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर).

हे किती मोठं आहे? ड्रायव्हरसकट गाडी २९० किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य २९० मिमी उंचीवर धरला आहे, म्हणजे एकूण ८४.१ किलो-मीटर. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार या वजन-गुणिले-उंचीच्या प्रमाणात असतो. त्यात इंजिनाची चूक पाऊण टक्का. तपासणीत गाडी ६० अंश कलवतात तेव्हा ती उलटायला नको. आमच्या ११८० मिमीच्या ट्रॅकला (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) त्यासाठी गुरुत्वमध्य ३४० मिमीच्या खाली हवा, तिथे आम्ही निर्धास्त आहोत.

खरा उपयोग दुसऱ्या प्रश्नाला झाला. ड्राय सम्प (तेल इंजिनाखालच्या सम्पऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणं) करावा असा आग्रह गेले काही आठवडे चालू होता. सम्प चपटा केला की इंजिन २५ मिमी खाली बसेल, हा मुद्दा. हिशेब मांडला: ३८ किलो × २५ मिमी = ०.९५ किलो-मीटरची बचत. पण पंप, टाकी, नळ्या मिळून किमान ३ किलो वाढतात, आणि टाकी उभी असल्याने त्यांचा मध्य २५० मिमीच्या आसपास. ०.७५ किलो-मीटरची भर. हातात उरतात ०.२, तेही ८४ मधले. शिवाय गाडी तीन किलोंनी जड झाली, म्हणजे प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला ते तीन किलो ओढत न्यायचे.

गुरुत्वमध्यासाठी ड्राय सम्प नको, असं ठरलं. वळणात पिकअप (तेल ओढणारी नळी) कोरडा पडण्याची भीती खरी आहे, तिच्यासाठी सम्पमध्ये बॅफल (तेल हिंदकळू न देणारे पडदे) घालायचे. त्यांचं वजन शंभरेक ग्रॅमच्या पुढे जाणार नाही.

१० ऑगस्ट

चॅसिसवरची माउंटिंगची भोकं गोठवली. पाइपांची ऑर्डर गेली.

इंजिन गाडीत उतरवण्यासाठी एक उचलपट्टी केली. तिचं कडं भोकाच्या १३० मिमी पुढे आणि जोडाच्या ४ मिमी उजवीकडे, गुरुत्वमध्याच्या ३०० मिमी वर. चेन ब्लॉकला उचललं तेव्हा इंजिन ०.३ अंश पुढे झुकलं. ३०० मिमीवर ते दीड मिलिमीटर होतं, आणि त्यात पट्टीच्या वेल्डिंगचा वाटाही आहे. इंजिन असं सपाट लटकलं की दोघांत काम होतं, ट्यूबवर आपटत नाही आणि बोल्ट हाताने घुसतात. काकांनी ती पट्टी लगेच स्वतःच्या कपाटात ठेवली, "दुसरी टीम मागायला येईल" म्हणाले.

राहिलेलं काम जडत्वाच्या मोमेंटचं, म्हणजे इंजिन फिरायला किती विरोध करतं ते मोजायचं. इंजिन सारख्या लांबीच्या दोन समांतर तारांना टांगून उभ्या अक्षाभोवती हलकं पिळायचं आणि झोक्यांचा काळ मोजायचा. जडत्व = वजन × ग (गुरुत्वत्वरण) × तारांमधल्या अंतराचा वर्ग × काळाचा वर्ग, भागिले १६ × पायचा वर्ग × तारेची लांबी. त्यासाठी दोन्ही तारा गुरुत्वमध्यापासून सारख्या अंतरावर हव्यात, आणि त्या कुठे लावायच्या हे आता माहीत आहे. एकसारख्या जाडीची पियानो वायर आणि चिमटे मागवले आहेत.